अप्पांची गादी

गादी म्हटले की कुणाला साताऱ्याची गादी आठवते, कुणाला मठाची, तर कुणाला वसतिगृहातली ढेकणांची. माझ्या डोळ्यांपुढे येते ती मोटारसायकलची. गेली दोन वर्षे सुट्टीच्या दिवशी मी अकोल्यात मामाच्या दुकानात मोटारसायकलच्या गाद्या शिवते. वर्गात हे फारसे कुणाला ठाऊक नाही. लपवले असेही नाही. कुणी विचारले नाही, मी सांगितले नाही. वार्षिकासाठी सरांनी लेख मागितला तेव्हा मी प्रथम ‘पावसाळ्यातील भंडारदरा’ हा विषय घेतला होता. चार ओळींतच पाहिले, की हे सगळे दरवर्षी कुणीतरी लिहितेच. म्हणून मग मला जे येते त्यावर लिहायचे ठरवले.

दुकान म्हणजे पत्र्याची एक खोली. दारात लटकवलेली रेक्झिनची कव्हरे, आत फोमचे तुकडे, सोल्युशनचा डोके चढवणारा वास आणि एक जड पायमशीन. आईने मला पिको-फॉल लहानपणीच शिकवले होते. त्यामुळे मशीनचा पाय मारणे नवे नव्हते. पण साडीचा काठ आणि रेक्झिनचा जाड थर यांत फार फरक. पहिल्या आठवड्यात चार सुया मोडल्या. मामा काही बोलला नाही, फक्त सुयांची पुडी माझ्या हातून काढून आपल्या खिशात ठेवली.

मामा हे काम शिकला राजदूत आणि बुलेटच्या काळात. बुलेट १९५५ पासून मद्रासला जोडली जाऊ लागली. तिच्या जुन्या गाड्यांना चालवणाऱ्याची बैठक वेगळी असे, खाली दोन दणकट स्प्रिंगा आणि मागे बसणाऱ्याला निराळी गादी. मामा त्या स्प्रिंगांविषयी बोलू लागला की गिऱ्हाईक खोळंबून राहते. राजदूत तर दूधवाल्यांची लाडकी गाडी. आता ती निघत नाही; पण एखादी अजून धूर सोडत दुकानापुढून गेली की मामा हातातले काम ठेवून बघतो.

त्याने मला पहिली गोष्ट शिकवली ती माणसाच्या बसण्याविषयी. आपण मांसावर बसतो असे आपल्याला वाटते. खरे म्हणजे आपण दोन हाडांवर बसतो. कमरेच्या हाडाचे खालचे दोन उंचवटे असतात, सगळा भार त्यांच्यावर. मामा गिऱ्हाइकाला पन्हाळी पुठ्ठ्याच्या तुकड्यावर बसवतो आणि उठल्यावर पुठ्ठा उन्हाकडे तिरपा धरतो. दोन खळगे दिसतात. त्या खळग्यांखाली फोम कडक हवा. मऊ फोम घातला की दुकानात बसल्यावर गिऱ्हाईक खूश होते. पण तासाभरात तो दबतो आणि हाडे खालच्या पत्र्याला लागतात. “पाच मिनिटांची गादी येगळी, पाच तासांची येगळी,” असे मामा म्हणतो. शिवण मध्यभागी घ्यायची नाही, ती काचते. आणि आमच्याकडचा पाऊस बघता रेक्झिनखाली प्लॅस्टिकचा कागद घातल्याशिवाय पिना मारायच्या नाहीत. घाटघरला नगर जिल्ह्याची चेरापुंजी म्हणतात ते उगाच नव्हे. सुईच्या छिद्रातून पाणी एकदा फोममध्ये शिरले की चार दिवस वाळत नाही.

गेल्या पावसाळ्यात एक गृहस्थ पुण्याहून भंडारदऱ्याला निघाले होते. लांबच्या प्रवासाची उंच मोटारसायकल, दोन्ही बाजूंना पेट्या, अंगावर गुडघ्याकोपरांचे चिलखत. अकोल्यात चहाला थांबले आणि त्यांना धड उतरताच येईना. गाडी धरून तसेच उभे राहिले. चहावाल्याने त्यांना आमच्याकडे पाठवले.

मामाने त्यांना गाडीवर बसवले आणि स्वतः चार पावले मागे जाऊन बघत राहिला. सीटला पुढे उतार होता. ब्रेक लावला की माणूस घसरून टाकीला टेकणार, आणि पुढे सरकला की गुडघा जास्त दुमडणार. मामाने मला टेप धरायला लावला. बसायच्या जागेपासून फूटरेस्टपर्यंत जितके अंतर कमी, तितका गुडघ्याचा कोन अरुंद. म्हणजे मोटारसायकलवर पायाला मोकळीक हवी असेल तर दोनच मार्ग: बैठक वर घ्या किंवा फूटरेस्ट खाली न्या. फूटरेस्ट फार खाली नेले तर वळणावर रस्त्याला घासते. हल्लीच्या काही महागड्या गाड्यांत सीट दोन उंचींवर बसवता येते ती यासाठीच. मामाने पुढचा उतार भरून सपाट केला, खळग्यांच्या जागी कडक फोम घातला, वर मऊ फोमचा बोटभर थर. कव्हर मी शिवले. चार तास गेले. त्या गृहस्थांनी दोन हजार दोनशे रुपये दिले, मला ‘थँक यू ताई’ म्हणाले, आणि जाताना सहज सांगून गेले की वर्षाला आपण चारेक हजार किलोमीटर तरी हिंडतो.

त्या संध्याकाळी अर्थशास्त्राच्या वहीच्या मागच्या पानावर मी एक गणित मांडले. आमचे गाव विठा घाटाच्या पलीकडे. अप्पा गावातले दूध गोळा करून रोज अकोल्यात रतीब घालतात. जाणे अठरा किलोमीटर, येणे अठरा. दिवसाला ३६. दुधाला रविवार नसतो, दिवाळी नसते. वर्षाचे झाले १३,१४० किलोमीटर. भूगोलात आम्हांला राष्ट्रीय महामार्ग ४४ आहे, श्रीनगर ते कन्याकुमारी, सुमारे ३,७४५ किलोमीटर. म्हणजे माझे अप्पा दरवर्षी देशाची लांबी जवळजवळ साडेतीन वेळा पार करतात. शंभर सीसीच्या गाडीवर, फाटलेल्या सीटवर, तिच्यावर युरियाच्या पोत्याची चौपदरी घडी टाकून.

मी त्यांना आकडा सांगितला. ते म्हशीला पेंड घालत होते. म्हणाले, “तरीच टायर झिजत्यात.”

“अप्पा, सीट करून घेऊ ना. मामा पैसे घेणार नाही.”

“आपण कुठं लडाखला चाललोय? आणि फोमचे पैसे तुझा मामा काय घरात छापतो? त्यात तुझा परीक्षेचा फॉर्म निघंल.”

विषय तिथेच संपला असता. पण मामाने टेप धरायला लावल्यापासून माझी दृष्टीच बिघडली होती. ज्याला त्याला गाडीवर बसलेले पाहिले की मी गुडघ्याचा कोन बघू लागले. आणि एके दिवशी सकाळी दूध घेऊन निघताना मला अप्पांचा डावा गुडघा दिसला.

तो गुडघा जुना दुखरा आहे. विहिरीच्या कामावर असताना तरुणपणी त्यावर दगड आला. पूर्ण वाकत नाही, आणि वाकवून ठेवला तर थोड्या वेळाने ठणकतो. गिअर त्याच पायाने टाकायचा. घरी ते जेवायला बसतात तेव्हा तो पाय लांब करून बसतात, हे मी जन्मापासून पाहत आले. पण गाडीवर तो कसा असतो, हे कधी पाहिले नव्हते. कसे पाहणार? गाडीवर मी त्यांच्या मागे असते.

आमच्या गावाहून एस.टी. आहे, परंतु ती पहिला तास झाल्यावर पोचते. म्हणून पहिल्या वर्षापासून मी अप्पांच्या गाडीवरच कॉलेजला येते. वीस-वीस लिटरच्या दोन किटल्या मागच्या बाजूंना लोखंडी चौकटीत अडकवलेल्या; भरल्या की दुधाचे वजन चाळीस किलोच्या वर. त्या दोन किटल्यांच्या मधोमध मी, दप्तर पोटाशी. पाय ठेवायचे फूटरेस्ट चौकटीच्या आड गेलेले, म्हणून पाय चौकटीच्या सळईवर, गुडघे जवळजवळ छातीशी. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मध्ये मागे बसणाऱ्याला धरायला पकड, पाय ठेवायला जागा आणि मागच्या चाकावर किमान अर्धे आच्छादन असावे असा नियम आहे. आमच्या गाडीवरून त्यातली दोन कलमे किटल्यांनी केव्हाच उतरवून ठेवली होती.

त्या दिवशी मला ताप होता म्हणून मी घरी राहिले. अप्पा एकटे निघाले आणि मी दारातून पाहिले. ते सीटवर चांगले मागे सरून बसले होते. डावा पाय सैल, गुडघा उघडा. मी मागे असले की त्यांना चार-पाच इंच पुढे सरकावे लागते, थेट टाकीला चिकटून. मामाने त्या पुण्याच्या गृहस्थांना जे समजावून सांगितले होते, ते सगळे मला आपोआप समजले. दोन वर्षे, अठरा किलोमीटर, घाटातल्या प्रत्येक गिअरला. त्यांनी एकदाही “जरा मागे सरक” म्हटले नव्हते. सरकायला मागे जागाच नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी आईला म्हटले, मी एस.टी.ने जाते, पहिला तास बुडाला तर बुडाला. आईने अप्पांना सांगितले. अप्पा एवढेच म्हणाले, “तास बुडवायला कॉलेजला घातली का?”

दिवाळीच्या सुट्टीत मी ती सीट काढून दुकानात नेली. मामा दोन दिवस लग्नाला गेला होता. मला वाटले, आपल्याला आता सगळे येते. बैठक वर घेतली की गुडघा मोकळा होतो हे शिकलेच होते. मग एक इंच कशाला, दोन इंच घेऊ. कडक फोमचे दोन थर लावले, कडा घासल्या, काळे रेक्झिन ताणून बसवले. शिवण इतकी सरळ आली की मी तिचा मोबाईलवर फोटो काढला. अप्पांना वाढदिवसाची भेट म्हणून सांगितले. (त्यांचा वाढदिवस त्यांनाही ठाऊक नाही, शाळेच्या दाखल्यावर १ जून आहे.) ते बसले, म्हणाले, “उंच झालीय जरा.” मी म्हटले, सवय होईल.

तिसऱ्या दिवशी, बाजाराचा दिवस होता, अकोल्यात शिरताना पुढे एक टेंपो एकदम थांबला. अप्पांनी ब्रेक लावला आणि डावा पाय खाली टाकला. पाय पूर्ण टेकला नाही. नुसते बोट लागले. चांगला गुडघा असता तर सावरता आले असते. गाडी सावकाश, अगदी सावकाश डावीकडे कलत गेली, जशी म्हैस बसते तशी. मी उडी मारली. डावीकडच्या किटलीचे झाकण निघाले आणि दूध रस्त्यावर पसरले.

चार माणसांनी गाडी उचलली. अप्पांच्या पायाला खरचटले होते. त्यांनी सीटकडे पाहिले नाही, माझ्याकडेही नाही. समोरच्या हॉटेलातून बादलीभर पाणी आणायला सांगितले, म्हणाले, “ओत त्याच्यावर. कुणी घसरंल.” मग उरलेल्या दुधाचा हिशेब करून कुणाला किती कमी घालायचे ते बोटांवर मोजू लागले. मी पहिला तास केला. काय शिकवले ते विचारू नका.

मामा परत आल्यावर सगळे सांगितले. मला वाटले ओरडेल. त्याने सीट उलटी करून पाहिली, शिवणीवरून अंगठा फिरवला आणि विचारले, “दाजींच्या पायाचं माप घेतलं व्हतं का?” मी नाही म्हटले. मी सीटचे माप घेतले होते, फूटरेस्टचे घेतले होते. गाडी थांबते तेव्हा जमीनही लागते, हे माझ्या गणितात नव्हते.

मग मामाने आणि मी मिळून पुन्हा काम काढले. अप्पांना गाडीवर बसवून, किटल्या भरून (पाण्याने), मला मागे बसवून मापे घेतली. वरचा फोम कापून वाढ पाऊण इंचावर आणली. पुढचे टोक, जिथे मांड्या येतात, ते दोन्हीकडून तासून अरुंद केले. ही युक्ती मला फार आवडली. रुंद सीटवर पाय बाहेरून फिरून खाली जातो. टोक अरुंद केले की सरळ जातो, आणि उंची न घटवता पाय जमिनीला पोचतो. पुढचा उतार भरून काढला, म्हणजे अप्पा टाकीवर घसरणार नाहीत. किटल्यांची चौकट वेल्डिंगवाल्याकडून मागे घ्यायची होती. मला ती चार इंच हवी होती. मामा नको म्हणाला: भार मागच्या चाकाच्याही मागे गेला की घाट चढताना पुढचे चाक हलके पडते. दोन इंचांवर तडजोड झाली. तेवढ्यात माझे फूटरेस्ट मोकळे झाले आणि दोन वर्षांनी मला खाली पाय ठेवायला जागा मिळाली.

अप्पांना ऐसपैस मोकळीक मिळाली असे नाही. हिशेबाने त्यांच्या गुडघ्याला फार तर बोटभर जास्त जागा आली. घाट उतरल्यावर पूर्वी ते पुलाच्या अलीकडे गाडी बाजूला घेत आणि “सायलेन्सर गार होऊ दे” म्हणून पाय झाडत उभे राहत. मला ते खरेच वाटत असे. आता पंधरा दिवस झाले, सायलेन्सर गार करावा लागलेला नाही. मी काही विचारत नाही.

परवा सकाळी किटल्या लावून झाल्यावर मी बसायला गेले तर नव्या सीटवर युरियाचे तेच जुने पोते, चौपदरी घडी करून, सुतळीने बांधलेले.

“अप्पा, हे कशाला? एवढा फोम घासून आकार दिलाय!”

“रेक्झिन नवं हाय,” ते म्हणाले. “मळंल.”