मुर्रीतले हात

मुर्री गोंदिया शहराच्या अगदी जवळ. घरांच्या मागे गेलं की धानाच्या बांध्या लागतात. रोवणीचे दिवस होते. बाया चिखलात वाकून पऱ्हे लावत होत्या.

विदर्भ एक्सप्रेसमध्ये अमेरिकन लेखिका टोनी मॉरिसनची 'बिलव्हेड' ही १९८७ची कादंबरी पुन्हा वाचत आले होते. तिच्यातली बेबी सग्ज जन्माची गुलाम. मुलगा हॅले पाच वर्षं आपले रविवार राबून तिला सोडवून घेतो. साठी उलटलेली, कंबरेत मोडलेली ही बाई ओहायो नदी ओलांडून गुलामी नसलेल्या मुलखात येते आणि अचानक तिला स्वतःचे हात दिसतात. हे हात माझे आहेत! मग छातीतली धडधडही पहिल्यांदा जाणवते आणि ती हसत सुटते. त्या पानापुढे मला दर वेळी थांबावं लागतं. माझी आजी जन्मभर दुसऱ्यांच्या बांध्यांत राबली. तिचे हात मी कधी नीट पाहिलेच नाहीत.

हा मुलूख मालगुजारांचा. १८६०च्या दशकात इंग्रजांनी मध्य प्रांतात सारा वसूल करणाऱ्यांनाच गावांचे मालक केलं. १९५१ साली मालगुजारी गेली, सालगडी राहिला. पाडव्याला साल ठरायचं, उचल घ्यायची, ती फिटली नाही की पुढचं साल त्याच दारात. वेठबिगारी मोडणारा कायदा आला १९७६ साली. सालगड्याचं खरेदीखत होत नव्हतं, त्याची लेकरं बाजारात उभी केली जात नव्हती. म्हणून बेबी सग्जचं आणि सालगड्याचं दुःख एकाच मापाने मोजणं मला पटत नाही. पण जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अर्पण केली ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना. तिकडची सुटका इकडच्यांना वाट दाखवील, हे त्यांनी तेव्हाच ओळखलं होतं.

एका ओसरीवर एक म्हातारी बिड्या वळत होती. ओलवलेलं तेंदूपान फर्म्यावर कापायचं, तंबाखू भरायची, वळून दोरा बांधायचा. मी हात बघायला मागितले, तर तिने ते पदराखाली घेतले. "काय पाहता बाई, तंबाखूचा वास येते."

मजुरी हजार बिड्यांवर ठरते. तिची तक्रार छाटीची होती. सट्टेदाराने, म्हणजे बिड्या घेणाऱ्या ठेकेदाराने, छाटून बाजूला काढलेल्या बिड्या हिशेबात धरल्या जात नाहीत, त्यांचे कष्ट बुडतात. ही छाट बंद झाली पाहिजे. वळलेल्या प्रत्येक बिडीची मजुरी त्या हातांना मिळाली पाहिजे.