काळे दाणे

माळव्यात महसूल खात्याच्या नोकरीत आमची उणीपुरी चौतीस वर्षे गेली. मोजणीच्या वेळी आम्ही चपला बांधावर ठेवून शेतात उतरत असू. बाभळीचे काटे किती रुतले, याची नोंद कोणत्याच दप्तरात नाही. निवृत्तीनंतर तिसऱ्या वर्षी उजव्या तळव्याला गाठ आली. दुखत नव्हती, म्हणून आम्ही काणाडोळा केला. वर्षभरात तिला तोंडे फुटली आणि पुवाबरोबर बारीक काळे दाणे बाहेर पडू लागले.

ते पाहताच आम्हांला आमचा जुना शिपाई आठवला. त्याच्याही पायातून असेच दाणे येत. देवीचा कोप समजून तो अंगारा लावी. आम्ही त्याची रजा मंजूर केली; डॉक्टरांकडे मात्र नेले नाही. पुढे त्याचा पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

इंदूरच्या डॉक्टरांनी गाठीचा तुकडा तपासून निदान केले : बुरशीचा मायसेटोमा. जंतूंमुळेही असाच रोग होतो, पण त्याचे औषध निराळे. म्हणून आधी तपासणी. मायसेटोमा हे नाव मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातील व्हॅन्डाइक कार्टर यांनी दिलेले. ‘ग्रेज अ‍ॅनाटॉमी’तील चित्रे काढणारे तेच. २०१६ साली जागतिक आरोग्य संघटनेने या रोगाला उपेक्षित रोगांच्या यादीत स्थान दिले. ‘उपेक्षित’ हा शब्द आम्हांला बोचला.

औषध इट्राकोनॅझोल, २०० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, भरल्या पोटी. आम्लपित्ताच्या गोळीने ते अंगी नीट लागत नाही, म्हणून ती बंद. यकृतासाठी वेळोवेळी रक्ततपासणी. चौथ्या महिन्यात सूज उतरली आणि आम्ही शहाणपणाने गोळ्या थांबवल्या. दोन महिन्यांत दाणे परत हजर! डॉक्टर म्हणाले, “काका, बुरशी त्या दाण्यांच्या किल्ल्यात बसली आहे. वेढा अर्ध्यावर उठवून कसे चालेल?” पुढे चौदा महिने गोळ्या आणि मध्ये एक लहानशी शस्त्रक्रिया, तेव्हा पाय वाचला.

बरे झाल्यावर आम्ही त्या शिपायाच्या गावी गेलो. ओसरीवर कुबडी भिंतीला टेकवून तो बसला होता. सारी हकीकत ऐकून त्याने आमच्या पायाकडे पाहिले आणि एवढेच विचारले, “साहेब, गोळ्यांनी बरा होत होता?”

“वेळेवर नेले असते, तर कदाचित,” आम्ही म्हणालो. त्याने मान हलवली आणि आत चहा सांगितला.