ओलं फडकं

मे महिन्यातली दुपार, सिंदेवाहीहून मूलकडे येणारा रस्ता, आणि जिप्सी दोन-तीन आचके देऊन बंद. घाबरायचं कारण नसायचं. बॉनेट उघडायचं, बाटलीतल्या पाण्याने फडकं भिजवायचं, अर्धवट पिळायचं आणि इंजिनाच्या कुशीला बसवलेल्या मुठीएवढ्या पेट्रोल पंपावर गुंडाळायचं. मग मोहाच्या सावलीत जाऊन बसायचं. चंद्रपूरचा पारा ४७-४८ ला टेकला की पेट्रोल नळीतच उकळतं, त्याची वाफ होते, वाफ काही पंपाला ओढता येत नाही आणि कार्बोरेटर उपाशी राहतो. फडक्याने पंप निवतो. वीस मिनिटं लागतात.

त्या वीस-वीस मिनिटांत मी किती काय पाहिलं, याचा हिशेब केला नाही. तेंदूपत्त्याच्या फळीवर पुडे रांगेने मांडणाऱ्या बाया पाहिल्या. एका पुड्यात सत्तर पानं. बोटं मोजत नव्हती, त्यांना सत्तर ठाऊक होतं. सुकलेल्या बोडीच्या तळाशी राहिलेल्या हातभर पाण्यावर जीव टाकणारं रानडुकरांचं कुटुंब पाहिलं. एकदा एक म्हातारा शेजारी येऊन बसला, गाडीकडे बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "तहान लागली का जी तिले?" मी हो म्हणालो. त्याने आपल्या तुंब्यातलं पाणी फडक्यावर ओतलं. प्यायचं पाणी. गावाची विहीर तिथून दोन किलोमीटरवर होती.

मी गुरांचा डॉक्टर. मूलला राहतो. २००३ साली बल्लारपूरच्या एका लाकडाच्या ठेकेदाराकडून १९९४ ची जिप्सी विकत घेतली, तेव्हा तिच्या मागच्या फळीला सागाचा वास येत होता. वीस वर्षं धुऊनसुद्धा तो पावसाळ्यात परत यायचा.

गाडी माहीत नसलेल्यांसाठी थोडं सांगतो, कारण माझं प्रेम डोळे मिटून केलेलं नाही. मारुतीने जिप्सी आणली १९८५ च्या डिसेंबरात. ९७० सीसीचं इंजिन, चार गिअर, खाली शिडीसारखी चौकट, चारही चाकांना बैलगाडीपेक्षा फार पुढे न गेलेले पाटे. १९९३ मध्ये चाकांमधलं अंतर वाढवलं, कारण आधीची गाडी वळणावर कलंडायला बघायची. माझी ती रुंद चाकांची. हलकी होती, हजार किलोच्याही आत, आणि हेच तिचं बळ. हिमालयन रॅलीत, पुढे रेड द हिमालयमध्ये, बर्फात आणि नदीच्या गोट्यांत भल्याभल्या गाड्या जिथे बसकण मारत तिथून ती निघून जायची. शर्यतीची गाडी म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे जमिनीला घासत जाणारं लाल काहीतरी येतं. आमच्या झाडीपट्टीत शर्यतीची गाडी म्हणजे चिखलातून निघणारी गाडी.

आणि चिखल म्हणजे कसला. जुलैमधली रात्र, उमा नदीकाठच्या एका गावाहून फोन. "डॉक्टरसायेब, गाय अडली जी. लवकर या." डांबर संपतं, पांदण सुरू होते. दोन्ही बाजूंना धानाच्या बांध्या भरलेल्या, मध्ये बैलगाड्यांच्या दोन खोल चाकोऱ्या, त्यांत पाणी. खाली उतरायचं, गुडघाभर चिखलात वाकून पुढच्या दोन्ही चाकांचे हब हाताने 'लॉक'वर फिरवायचे, परत चढायचं, छोटा लिव्हर चारचाकीच्या जड गिअरमध्ये टाकायचा. मग जिप्सी एक चाक चाकोरीत आणि एक चाक मधल्या उंचवट्यावर ठेवून, तिरपी, पुटपुटत, माणसाच्या चालीने पुढे सरकायची. स्टिअरिंगमधून चाकाखालचा प्रत्येक दगड तळहाताला कळायचा. गाईच्या पोटात हात घालून वासराचे पाय चाचपडावेत, तसाच तो रस्ता मी हातांनी चाचपडत आलो. किती वासरं त्या गाडीमुळे जिवंत जन्मली, हे मी जाणतो आणि त्या गावांतली माणसं जाणतात.

गडचिरोलीतही तिने मला फिरवलं. आलापल्लीहून भामरागडला जाताना डोक्यावर सागाचं छत, ताडपत्रीचं हूड मागे गुंडाळलेलं, आणि वर बघितलं की आभाळ पानांच्या फटींतून पळतंय. भामरागडला पर्लकोटा नदीवरचा ठेंगणा पूल पाण्याखाली गेला की गाडी कितीही जोरकस असो, अलीकडेच थांबावं लागे. पाणी पुलावरून जाताना दिसणं आणि इंजिन बंद करून त्याचा आवाज ऐकणं, या दोन्ही गोष्टी मी त्या गाडीच्या उघडेपणामुळे शिकलो. पूर कानाने आधी कळतो.

मग गाडी का बदलली?

माझ्या मणक्यांतली गादी झिजली. साधं कारण आहे. पाटे रस्त्याची प्रत्येक खबर पाठीला देत होते आणि पाठ ऐकायला तयार नव्हती. २०१९ मध्ये अपघाताच्या सुरक्षेचे नवे नियम आले, सामान्य गिऱ्हाइकासाठी जिप्सी बंद झाली, आणि त्यानंतर तिचे सुटे भाग मिळेनासे होऊ लागले. ताडोब्याच्या गेटांवर पर्यटकांना घेऊन पहाटे रांगेत उभ्या असणाऱ्या बहुतेक गाड्या जिप्सीच. आमच्याकडे जंगलात नेणाऱ्या कुठल्याही उघड्या गाडीला लोक जिप्सीच म्हणतात. तिथल्या मालकांनी जुन्या गाड्या शोधून शोधून घेतल्या, त्यामुळे जुना गिअरबॉक्ससुद्धा नव्याच्या भावात जाऊ लागला. मुलगा पुण्याहून एकच गोष्ट दर फोनला सांगायचा, "बाबा, त्या गाडीत एअरबॅग नाही. रात्री-बेरात्री तुम्ही एकटे असता." त्याचं चुकत नव्हतं.

जिमनी घेतली, जिप्सीच्याच घराण्यातली नवी गाडी. जपानात या घराण्याचं नाव पहिल्यापासून जिमनीच. पहिली १९७० ची, ३६० सीसीची, चिमुकली. आमची जिप्सी त्या घराण्यातली दुसरी पिढी. तिसरी आपल्याकडे कधी विकलीच गेली नाही. चौथी जपानात २०१८ ला आली, आणि तिचंच पाच दारांचं रूप इथे २०२३ च्या जूनमध्ये. म्हणजे माझ्या दारात उभ्या राहिलेल्या दोघी आई-मुलगी नव्हेत; आजी आणि नात. मधली पिढी आम्ही पाहिलीच नाही. पाच दारांची ही गाडी हरियाणात बनते आणि तिथून जपानला जाते. २०२५ च्या सुरुवातीला जपानात तिची नोंदणी उघडली, तेव्हा चार-पाच दिवसांत सुमारे पन्नास हजार मागण्या आल्या आणि नोंदणी थांबवावी लागली. आपल्याकडे मात्र लोक तिच्यापुढून बघत बघत निघून जातात. मला याचं वाईट वाटतं, कारण गाडी फार चांगली आहे.

नातीला आजीची हाडं आलीत. चौकट तीच शिडीची, पुढे-मागे अखंड आस तसेच. पण पाट्यांच्या जागी स्प्रिंगा, १४६२ सीसीचं इंजिन, आजीच्या दुपटीहून जास्त ताकद. सहा एअरबॅगा. हबला हात लावायची गरज नाही. सगळ्यात जास्त मला भिडली ती एक वस्तू: गिअरच्या बाजूचा छोटा लिव्हर. आजकाल बहुतेक गाड्यांत तिथे बटण असतं. जिमनीत लिव्हर ठेवलाय, आणि त्यावर खुणाही त्याच. पहिल्या पावसात, त्याच पांदणीत, माझा डावा हात न बघता खाली गेला आणि लिव्हर जिथे असायला हवा तिथेच होता. जड गिअर पडला तो खट् आवाजही ओळखीचा. मी पांदणीत गाडी उभी करून थोडा वेळ तसाच बसलो.

त्या रात्री गाय सुटली. कालवड झाली.

आमच्या भागात शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत, चालतो. बैलांच्या दोन जोड्या शेजारच्या दोन दानींतून, म्हणजे धावपट्ट्यांतून, सुटतात, धुरकरी हलक्या छकड्यावर गुडघे रोवून उभा, आणि सेकंदांचाही अंश मोजला जातो. २०१४ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींवर बंदी आणली आणि २०२१ च्या डिसेंबरात महाराष्ट्राला पुन्हा परवानगी मिळाली. २०२३ मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा कायम केला. बैलाला मारणं, टोचणं यांविरुद्ध मी कायम बोलत आलोय आणि बंदीमागचं दुखणं खरं होतं. पण पट बघताना एक गोष्ट शिकलो, ती इथे सांगायची आहे. नव्या गोऱ्ह्याला नव्या गोऱ्ह्यासोबत कोणी जुंपत नाही. त्याला म्हाताऱ्या, पट गाजवलेल्या बैलाच्या जोडीने जुवाला लावतात. गोऱ्ह्याच्या अंगात धाव असते. थांबायचं कुठे, ते त्याला म्हातारा शिकवतो. दान संपली की जुना बैल मान खाली घालतो आणि जू आपोआप गोऱ्ह्याच्या मानेवर जड होतं. धुरकऱ्याने कासरा ओढायच्या आधीच तो थांबलेला असतो.

मी हे हजारदा पाहिलं होतं आणि स्वतःच्या बाबतीत विसरलो.

नवी गाडी घेऊन दोन महिने झाले असतील. डिसेंबर, रात्रीचे दहा, चंद्रपूरहून मूलकडे. लोहारा गेलं, चिचपल्ली मागे पडली. खिडक्या बंद, आत गुबगुबीत शांतता, काट्याकडे माझं लक्ष नाही. जिप्सी साठच्या पुढे गेली की थरथरायची. हूड फडफडायचं, दार खडखडायचं, स्टिअरिंग हातात नाचायचं. सत्तरला ती ओरडूनच सांगायची. वीस वर्षं ती माझी जोडीदार होती आणि मला वाटत होतं की हळू चालवणं हा माझा स्वभाव आहे. तो तिचा होता.

केसलाघाटाच्या वळणावर दिव्यांत चितळाची मादी उभी. ब्रेकवर पाय पूर्ण दाबला. पायाखाली ब्रेकने धडधड केली, गाडी घसरली नाही, वळली नाही, सरळ रेषेत थांबली. बॉनेट आणि तिच्यामध्ये चार हात राहिले असतील. थंडीत तिच्या नाकपुड्यांतून वाफ निघत होती. डाव्या कानाला जुनी चीर. पोट भरलेलं, महिन्या-दीड महिन्यात विणार, हे मला बसल्या जागेवरून कळलं. तिने मान वळवून रानाकडे पाहिलं, आणि गेली. तिच्यामागून आणखी तिघी गेल्या, ज्या मला दिसल्याच नव्हत्या.

मग काट्याकडे पाहण्यात अर्थ नव्हता, पण मला माहीत होतं. ब्रेक दाबला तेव्हा मी ऐंशीच्या वर होतो.

तिला नव्या ब्रेकने वाचवलं, हे मी मान्य करतो. जिप्सीला तेवढ्या वेगात एवढ्या अंतरात थांबणं जमलं नसतं. पण जिप्सी तेवढ्या वेगात तिथे आलीच नसती. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि त्यांची वजाबाकी करून मला काही उत्तर काढता येत नाही.

त्या रस्त्याच्या जवळून रेल्वेही जाते. गोंदिया-बल्लारशा. एके काळी ती छोटी लाईन होती, माणूस उतरून पुन्हा चढेल अशा चालीची. मग मोठी झाली, वेग आला. २०१८ च्या नोव्हेंबरात जुनोन्याच्या जंगलात त्या रुळांवर वाघाचे तीन बछडे एकाच वेळी गेले. मोठी लाईन नको होती असं मी म्हणणार नाही. आमच्या लोकांना दवाखान्यात, कॉलेजात, बाजारात पोचायचं असतं. नवी गाडी मलाही हवी होती. पण वेग वाढवताना त्याच्या शेजारी कोणाला तरी जुंपायला हवं होतं, ते कोणी केलं नाही.

मी केलं. जिप्सी विकायचं ठरलं होतं, एका रॅलीवाल्या पोराने चांगला भावही दिला होता. त्याला नाही म्हणालो. पुनर्नोंदणी करून घेतली, पैसे गेले, घरी थोडी बोलणी खाल्ली. आता दर रविवारी सकाळी चोक ओढून तिला सुरू करतो आणि चिचपल्लीपर्यंत जाऊन येतो, घाटातून, तिच्या चालीने. पाठ दुखते. पण सोमवारी जिमनीत बसतो तेव्हा कालचा थरथराट हातांत शिल्लक असतो, आणि काटा साठकडे सरकला की तळवे आपणहून सैल होतात. गुरुवारपर्यंत तो विरतो. शुक्रवार-शनिवारी मला जपून राहावं लागतं. जिमनीच्या कप्प्यात ते फडकं ठेवलंय. तिला त्याचा काही उपयोग नाही.

तुमच्यापैकी बरेच जण ताडोब्याला येता. नागपूरहून, पुण्याहून, मुंबईहून, मोठ्या आणि निःशब्द गाड्यांतून. जंगलाच्या गेटाच्या आत गाडी हळू चालते, तिथे वाटाड्या असतो, नियम असतात. गेटाबाहेरही जंगलच आहे, आणि तिथे तुम्ही एकटे असता. चंद्रपूर-मूल असो, मूल-सिंदेवाही असो, की आलापल्लीचा रस्ता, दिवस मावळल्यावर चाळीसने चालवा. खिडकी चार बोटं उघडी ठेवा. दहा किलोमीटरच्या टप्प्याला ऐंशीपेक्षा चाळीसने साडेसात मिनिटं जास्त लागतात.