एक घर, तीन कार्यप्रणाली

संगणकाच्या कार्यप्रणालींची तुलना करणारे लेखन बहुधा दोन वळणांचे असते. पहिल्या वळणाचे लेखक प्रक्रियकाचा वेग आणि स्मृतीची क्षमता मोजतात. दुसऱ्या वळणाचे लेखक आपल्या घराण्याच्या गायकीचा अभिमान बाळगणाऱ्या गवयासारखे असतात. दुसऱ्याचा षड्ज लागण्यापूर्वीच त्यांची मान नकारार्थी हलू लागते. या दोहोंत घर मात्र कुठे दिसत नाही. घरातल्या संगणकावर सकाळी गुणपत्रके भरली जातात, दुपारी कीर्तन ऐकले जाते, रात्री परदेशी असलेल्या भाचीचा चेहरा पाहिला जातो आणि मधल्या फटीत कुणीतरी काहीतरी लिहीत असते. आम्ही दोघेही महाविद्यालयात मराठी शिकवतो. या विषयावर बोलण्याचा आमचा अधिकार एवढाच, की गेली वीस-बावीस वर्षे आम्ही संगणकावर देवनागरीत लिहीत आहोत आणि लिहिलेले पुढेही वाचता यावे अशी आमची इच्छा आहे.

विचार करण्यास निमित्त झाले ते एका तारखेचे. 14 ऑक्टोबर 2025 रोजी विंडोजच्या दहाव्या आवृत्तीचा नियमित आधार संपला. घरगुती वापरासाठी आणखी एक वर्ष सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळण्याची सोय ठेवली गेली, पण ती मुदतवाढच होती. 2021 साली आलेल्या अकराव्या आवृत्तीला टीपीएम 2.0 ही सुरक्षेची सोय आणि तुलनेने नवा प्रक्रियक लागतो. आमचा घरचा संगणक 2015 सालचा आहे, म्हणजे या अटींत तो बसत नाही. यंत्र धडधाकट असून निवृत्तीचे वय मात्र झालेले, अशी त्याची अवस्था. तेव्हा पर्याय तीन होते: नवे यंत्र घेऊन विंडोजमध्येच राहावे, मॅककडे वळावे, किंवा जुन्याच यंत्रावर लिनक्स बसवावे. भाचीने येथे ठेवलेला मॅक आणि महाविद्यालयीन कामाचा विंडोज-अकराचा लॅपटॉप हाताशी होताच. जुन्या यंत्रावर आम्ही लिनक्स मिंट बसवले आणि सुमारे चार महिने तिन्ही प्रणाली एकाच घरात नांदवल्या.

आधी लिहिण्याविषयी. देवनागरी लेखनासाठी इनस्क्रिप्ट हा कळफलक तिन्हीकडे मिळतो आणि त्यातील अक्षरांच्या मूळ जागा सर्वत्र त्याच आहेत. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजने ही त्याची मांडणी एकदा बोटांत बसली, की प्रणाली बदलली तरी बोटांना पत्ता लागत नाही. ज्यांना रोमन अक्षरांतून मराठी लिहिण्याची सवय आहे त्यांच्यासाठी विंडोजमध्ये 2019 पासून मराठीचा ध्वन्यानुसारी कळफलक आहे, लिनक्समध्ये आयबस या सोयीतून असे अनेक कळफलक जोडता येतात आणि मॅकवर देवनागरी क्वर्टी आहे. या तिघांचे नियम मात्र परस्परांहून वेगळे. एका प्रणालीवर सहज उमटणारे जोडाक्षर दुसरीवर शोधावे लागते. म्हणून विद्यार्थ्यांना आम्ही इनस्क्रिप्टच शिकवतो. पंधरा दिवस हात अडखळतात, पुढे आयुष्यभराची सोय होते.

मराठीची खरी परीक्षा होते ती अर्ध्या र-पाशी. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा. ‘आचार्यांना’ बोलावले तर व्याख्यान होईल, ‘आचाऱ्यांना’ बोलावले तर जेवण. हा भेद हिंदीला लागत नाही, मराठीला पदोपदी लागतो. इनस्क्रिप्टमध्ये नुक्त्याचा ऱ र-च्याच कळीवर शिफ्टसह आहे. त्यापुढे हलन्त आणि मग य दिला, की हवा तो आकार मिळतो. हे तिन्ही प्रणालींवर नीट होते. पूर्वी काही टंकांत त्या जागी नुसता नुक्ता लोंबताना दिसे, तसे आता क्वचितच घडते.

दिसण्याच्या बाबतीत मात्र फरक आहे. विंडोजबरोबर आलेला मंगल हा टंक र. कृ. जोशी यांनी घडवला. ते सुलेखनकार होते तसेच मराठी कवीही. तरी सगळ्या देवनागरी भाषांसाठी असलेल्या त्या टंकात ल आणि श यांची वळणे हिंदीत रुळलेली आहेत. महाराष्ट्र शासनाने 2009 साली वर्णमालेविषयी जो निर्णय काढला, त्यात या दोन अक्षरांची मराठी वळणे ठरवून दिली आहेत. मुक्त परवान्याच्या काही टंकांत दोन्ही वळणे असतात आणि मजकुराची भाषा मराठी आहे असे सांगितले, की मराठी वळण पुढे येते. असे टंक कोणत्याही प्रणालीवर बसवता येतात. म्हणजे हा दोष किंवा गुण प्रणालीचा नसून टंकाचा आहे, आणि टंक निवडणे आपल्या हाती आहे.

एका गोष्टीची आम्हांला गंमत वाटली. युनिकोडच्या तक्त्यात ळ हा ल-च्या लगेच पुढे बसवला आहे. मराठी वर्णमालेत तो ह-नंतर येतो. त्यामुळे शब्दांची यादी केवळ संकेतांकांनुसार लावली, तर ‘काळ’ हा शब्द ‘कावळा’ आणि ‘काहूर’ यांच्या आधी जाऊन बसतो. क्रमासाठी मराठीचा नियम निवडला तरच कोशाची शिस्त पाळली जाते. कोशवाङ्मय शिकवणाऱ्यांनी हा प्रयोग वर्गात अवश्य करून पाहावा. वर्णक्रम ही भाषेने केलेली निवड आहे, हे विद्यार्थ्यांना व्याख्यानापेक्षा लवकर कळते.

आता ज्या कारणासाठी हा सारा खटाटोप आम्हांला निकडीचा वाटला, त्याकडे वळतो. 2003 ते 2008 या काळात ग्रामीण भागातून येणाऱ्या विद्यार्थ्यांकडून आम्ही शेती आणि घरकाम यांविषयीचे शब्द जमवले होते. सुमारे नऊ हजार चिठ्ठ्या झाल्या. त्या काळी छपाईचा जो प्रचलित मार्ग होता त्यानुसार एका टंकलेखन केंद्रातून त्या संगणकावर उतरवून घेतल्या. तेव्हाच्या टंकांची युक्ती अशी असे, की संगणकाच्या लेखी आपण रोमन अक्षरे आणि चिन्हेच लिहीत असू. टंक त्यांना देवनागरीचा वेष चढवी. टंक गेला की वेष गळून पडे आणि खाली उरे तो अर्थहीन चिन्हांचा ढिगारा. वास्तविक युनिकोडच्या 1991 मधील पहिल्या आवृत्तीतच देवनागरी होती आणि विंडोज 2000 व एक्सपी यांपासून ती घरगुती संगणकावर वापरता येऊ लागली होती. पण छापखान्यांची आणि टंकलेखन केंद्रांची घडी बसायला बराच काळ जावा लागला. आमच्या चिठ्ठ्या ज्या आज्ञावलीत होत्या, तिला यंत्रामागे खोचायची एक कुलूपकिल्ली लागे. ती खोचायची जागाच आता यंत्रांवर उरलेली नाही.

फाइल उघडत होती, पण वाचता येत नव्हती. अखेर न्याहाळकात चालणाऱ्या एका रूपांतरकातून ती युनिकोडमध्ये आणली. तो कोणत्याही प्रणालीवर सारखाच चालला. मात्र रूपांतर म्हणजे भाषांतरासारखेच, काहीतरी सांडतेच. कुठे वेलांटी शेजारच्या अक्षरावर गेली, कुठे ऱ्य चा र्य झाला, कुठे अनुस्वार गळाला. नेहमीच्या शब्दांत चूक ओळखू येते. पण जो शब्द कोशात नाही आणि आपण कधी ऐकलेला नाही, त्यातली चूक कोण ओळखणार?

आमच्या घरी ती ओळखू शकणारी एकच व्यक्ती आहे. आमच्यांतील एकाच्या आई आणि एकीच्या सासूबाई. दोघेही त्यांना आईच म्हणतो. त्यांचे वय 78. माहेरच्या विहिरीवर मोट चालताना त्यांनी पाहिली आहे, नुसती पाहिली नाही, बैलांमागून चालल्याही आहेत. आमचे विद्यार्थी ‘थारोळे’ हा शब्द फक्त वृत्तपत्रातल्या रक्ताच्या थारोळ्यात पाहतात. आईंना थारोळे म्हणजे मोटेचे पाणी जेथे ओतले जाते ती विहिरीच्या काठची जागा, हे सांगावे लागत नाही. नाडा कोणता, तो कुठे बांधतात, पाणी थारोळ्यातून पाटात कसे उतरते, हे त्या हातवारे करून दाखवतात. परंतु त्यांना काचबिंदू आहे. या आजारात गेलेली दृष्टी परत येत नाही. उपचारांनी आहे ती टिकवायची असते. नऊ हजार चिठ्ठ्या आणि उरलेली नजर, यांचा हिशेब आम्हांला रोज मनात करावा लागतो.

त्यामुळे आमच्या तुलनेची कसोटी हळूहळू बदलत गेली. पडद्यावरचा मजकूर आईंना कोणत्या प्रणालीवर सुखाने वाचता येतो, हा मुख्य प्रश्न झाला. तिन्हींत पडदा मोठा करण्याची सोय आहे. विंडोजमध्ये खिडकीच्या चिन्हाची कळ आणि अधिकचे चिन्ह, मॅकवर कंट्रोल कळ धरून चाक फिरवणे, मिंटमध्ये ती सोय एकदा चालू करून ऑल्ट कळीसह चाक फिरवणे. मॅकच्या पडद्यावर मोठी केलेली अक्षरे सर्वांत रेखीव दिसली, हे मान्य केले पाहिजे. विंडोजची सोय सर्वांत सविस्तर आहे. शिवाय त्यावर एनव्हीडीए हे मोफत वाचनसाधन चालते आणि ते मराठीही वाचून दाखवते, जरी त्याचा उच्चार यंत्राचाच असला तरी. मिंटमध्ये यांपैकी कशाचेही विशेष कौतुक करावे असे नाही. पण तेथे एक गोष्ट होती. एकदा मांडून ठेवलेला पडदा आपण होऊन बदलत नाही. नव्या दुरुस्त्या कधी घ्यायच्या ते आपण ठरवतो आणि कोपऱ्यातून सूचना डोकावत नाहीत. आईंनी तिन्ही यंत्रे वापरून एका वाक्यात निकाल दिला: “कुठलीही ठेवा, माझी खूण तेवढी जागची हलवू नका.”

या वाक्यात अनेक तज्ज्ञ लेखांचे सार आहे असे आम्हांला वाटते. कमी दिसणाऱ्या माणसाला पडदा दिसत नसतो, आठवत असतो. त्याच्या दृष्टीने दर खेपेस नवे रूप घेऊन येणारी प्रणाली म्हणजे रोज भिंती हलवल्या जाणारे घर.

निर्णय असा झाला. जुन्या संगणकावर मिंट कायम राहिले. त्याची 2024 मधील बाविसावी आवृत्ती 2029 पर्यंत दुरुस्त्या मिळणारी आहे. तोवर यंत्र टिकले तर पुरे. मुद्रकाने काही कुरकुर केली नाही. महाविद्यालयाच्या कामाला विंडोजचा लॅपटॉप आवश्यकच आहे, कारण अंकीय स्वाक्षरीचे जे साधन आम्हांला दिले आहे त्याची आज्ञावली तेथेच चालते. मॅक भाचीची वाट पाहत कपाटात आहे. सुंदर आहे, पण ती प्रणाली हवी तर यंत्रही त्याच कंपनीचे घ्यावे लागते. इंटेल प्रक्रियकाच्या मॅकसाठी 2025 ची आवृत्ती शेवटची असल्याचे कंपनीने त्याच वर्षी जाहीर केले, म्हणजे वयोमर्यादा तिकडेही आहे. आमच्यात एक मतभेद मात्र उरला आहे. आमच्यांतील एकाला लिनक्सचे तत्त्व पटते: जे सर्वांनी मिळून घडवले ते सर्वांचे. दुसरीचे म्हणणे असे, की तत्त्वे महाविद्यालयात ठीक, घरी काही बिघडले तर शेजारचा मुलगा येऊन विंडोजच दुरुस्त करतो. दोन्ही म्हणणी खरी आहेत.

ज्यांना हाच प्रश्न पडला असेल, त्यांना आम्ही एवढेच सुचवू. प्रणाली निवडताना आपले लेखन कोणत्या रूपात साठवले जाते ते आधी पाहावे. मराठी मजकूर युनिकोडमध्ये आणि साध्या किंवा खुल्या मानकाच्या फाइलींत असेल, तर प्रणाली बदलणे म्हणजे फक्त बिऱ्हाड बदलणे. तो एखाद्या टंकात किंवा कुलूपकिल्लीत अडकलेला असेल, तर तो आजच बाहेर काढावा. त्यातले शब्द ओळखणारी माणसे घरात आहेत तोवर.

आमचे काम दर रविवारी दोन तास चालते. आमच्यांपैकी एक जण चाक फिरवून अक्षर मोठे करतो, आई वाचतात, दुसरा दुरुस्ती करतो. आतापर्यंत सुमारे अडीच हजार चिठ्ठ्या झाल्या आहेत. परवा त्यांनी एक शब्द तीनदा वाचला आणि म्हणाल्या, “हा असा नाही. पण कसा, ते लगेच आठवत नाही.” आम्ही त्या ओळीपुढे प्रश्नचिन्ह करून फाइल जतन केली आणि पुढची चिठ्ठी उघडली.