मुरलेल्या बिअरच्या गावात

पहिला घोट घेतला आणि मी शहाण्यासारखा चेहरा करून म्हटलं, "इंटरेस्टिंग!"

खरं तर मनात आलं होतं, ही बिअर खराब झालीय. पण शंभरहून जास्त वर्षं जुनी ब्रुअरी, आजूबाजूला डोळे मिटून मान डोलावणारे पर्यटक, अशा ठिकाणी 'अहो, हे आंबलंय' कसं म्हणणार? लाइफस्टाइलच्या पानांवर लिहिणाऱ्या आमच्यासारख्यांचा हा ठरलेला फंडा. कळलं नाही की 'इंटरेस्टिंग'. वाइन असो, चीज असो की एखादं फ्यूजन रेस्तराँ, या एका शब्दावर मी पाच वर्षं काढलीत. शेजारी बसलेल्या मैत्रिणीने मात्र लगेच ओळखलं. कॉलेजच्या हॉस्टेलवर तीन वर्षं माझी रूममेट होती ती; आता नोकरीसाठी ब्रसेल्समध्ये असते.

"नाटकं करू नकोस," ती म्हणाली. "आंबट लागतेय ना? मग आंबट म्हण. आंबटच असते ती."

ब्रसेल्स म्हटलं की टिपिकल लिस्ट तयार असते. चॉकलेट, वॉफल आणि तो शू करणारा पिटुकला पुतळा. तो पुतळा बघायचाच असेल तर पाच मिनिटांत बघून घ्या, त्याहून जास्त वेळ लागत नाही. आम्ही गेलो उलट्या दिशेला. मिडी स्टेशनवरून अँडरलेख्त भागात चालत शिरलं की पोस्टकार्डातलं युरोप संपतं. सेकंडहँड गाड्यांचे व्यापारी, हलाल मटणाची दुकानं, मोरोक्कन बेकऱ्या, भिंतींवर ग्राफिटी. फेब्रुवारीची सकाळ, नाक गळतंय, आणि एका साध्या रस्त्यावर गॅरेजसारखा दरवाजा. आत ब्रासरी कान्तियों. सन १९००मध्ये सुरू झालेली. ब्रसेल्स शहरात एकेकाळी अशा बऱ्याच ब्रुअऱ्या होत्या. जुन्यांपैकी उरली ती ही एकटी.

आत शिरताच वास येतो. ओल्या लाकडाचा, जुन्या सफरचंदांचा, थोडा तळघरासारखा. इथे बनते लाम्बिक. साधारण ३५ टक्के न मोडवलेला गहू आणि बाकी बार्लीचं माल्ट. त्यात हॉप्स घालायचे, पण ताजे नाहीत, चांगले दोन-तीन वर्षं जुने. ताज्या हॉप्सचा कडूपणा नको असतो. बिअर टिकवण्याचा त्यांचा गुण तेवढा हवा असतो. हे सगळं तासन् तास उकळायचं. इथपर्यंत काही विशेष नाही. खरी गंमत माळ्यावर आहे.

लाकडी जिन्याने वर गेलं की छपराखाली तांब्याचं एक प्रचंड उथळ ताट दिसतं. ताट कसलं, छोटा स्विमिंग पूलच! त्यात ७,५०० लिटर उकळता काढा ओततात, छपराच्या फटी उघड्या ठेवतात आणि घरी जातात. बस. रात्रभर गार वारा आत येतो आणि त्याच्याबरोबर हवेतलं, लाकडातलं, भिंतींतलं जंगली यीस्ट आणि बॅक्टेरिया. आपण दही लावताना विरजण घालतो ना? इथे कुणी विरजण घालतच नाही, ते आपणहून येतं. सकाळी सगळा माल लाकडी पिंपांत भरला जातो. काही दिवसांत पिंपाच्या तोंडातून फेस उसळायला लागतो. मग तो शांत होतो, आणि सुरू होतं मुरणं. एक वर्ष, दोन वर्षं, तीन वर्षं.

पिंपं बहुतेक आधी वाइनसाठी वापरलेली. त्यांच्या रांगांमधून आम्ही चाललो तेव्हा कोपऱ्याकोपऱ्यात कोळिष्टकं लोंबत होती. माझ्या आईने बघितलं असतं तर हातात केरसुणीच घेतली असती. पण ती मुद्दाम ठेवलेली असतात, बरं का! फळांच्या मोसमात आत चिलटं येतात, कोळी ती खातात. कीटकनाशक मारलं तर ज्यांच्या जिवावर ब्रुअरी चालते ते जंतूच धोक्यात यायचे.

त्या जंतूंमधला हिरो म्हणजे ब्रेटॅनोमायसीस नावाचं यीस्ट. १९०४मध्ये कार्ल्सबर्गच्या प्रयोगशाळेत क्लाउसेन या शास्त्रज्ञाने इंग्लिश बिअरमधून ते वेगळं काढलं, म्हणून नावाचा अर्थ 'ब्रिटिश बुरशी'. त्याच्या एका जातीला मात्र ब्रसेल्सवरून ब्रुक्सेलेन्सिस म्हणतात. वाइन बनवणारे बहुतेक लोक याच्या नावाने बोटं मोडतात, कारण ते शिरलं की वाइनला तबेल्याचा वास येतो. इथे नेमका तोच वास हवा असतो! आंबटपणा येतो तो मुख्यतः लॅक्टिक अ‍ॅसिड बनवणाऱ्या बॅक्टेरियांमुळे. म्हणजे आपल्या ताकाचेच चुलत नातेवाईक.

तर, माझ्या त्या पहिल्या घोटाकडे परत येऊ. तो निव्वळ लाम्बिकचा होता. फेस नाही, बुडबुडे नाहीत, कोमट हवामानात ठेवलेल्या लिंबूपाण्यासारखी सपाट. दुसरा ग्लास आला ग्यूझचा. एक, दोन आणि तीन वर्षांची लाम्बिक एकत्र करून ही बाटलीत भरतात. तरण्या लाम्बिकमध्ये साखर शिल्लक असते, तिच्यावर बाटलीत पुन्हा आंबण्याची क्रिया होते आणि शँपेनसारखे बारीक बुडबुडे येतात. म्हाताऱ्या लाम्बिककडून येतो स्वाद. कुठलं पिंप कशात किती मिसळायचं याचं मशीन नाही. चाखूनच ठरवावं लागतं.

"आता गटागटा पिऊ नकोस," मैत्रीण म्हणाली. "आधी वास घे. मग छोटा घोट. पहिला घोट मोजायचा नाही. तो जिभेला घाबरवण्यासाठीच असतो. तिसऱ्या घोटाला सांग."

पहिल्याला दातांपर्यंत झिणझिण्या. दुसऱ्याला तोंडाला पाणी. तिसऱ्याला मात्र काहीतरी उघडलं. लिंबाची साल, कच्चं सफरचंद, वाळलेलं गवत, मागून येणारा ओल्या चामड्याचा वास आणि सगळ्यात शेवटी कोरडा तुरटपणा, आवळा खाल्ल्यावर राहतो तसा. गोडवा शून्य. मी म्हटलं, "आंबट आहे. पण आवडलं." या ट्रिपमधलं हे माझं पहिलं प्रामाणिक वाक्य असावं.

जेवणात इथले लोक तिच्याबरोबर ब्रेडवर ताजं, मऊ पांढरं चीज, वर मुळ्याच्या चकत्या आणि कांद्याची पात खातात. करून बघा. चक्का, मुळा आणि पात तर आपल्याकडेही मिळते. आणि ही बिअर बर्फगार पिऊ नका, साधारण १२ अंशांवर ती बोलायला लागते.

मग क्रीक आली. लालचुटुक, आंबट चेरीची. लिटरमागे सुमारे २०० ग्रॅम चेरी लाम्बिकमध्ये मुरवलेली. क्रीक नावाची गोड, सरबतासारखी बिअर सुपरमार्केटमध्ये ढिगाने मिळते, तिच्याशी हिची गल्लत करू नका. पारंपरिक पद्धतीची हवी असेल तर बाटलीवर 'आउडे', म्हणजे 'जुनी', हा शब्द शोधायचा. कान्तियोंसारखे काही जण तो न लिहिताही तसंच करतात. आपल्या मायक्रोब्रुअऱ्यांत मिळणारी 'सावर' ही बहुतेक वेळा भांड्यातच एक-दोन दिवसांत आंबट केलेली असते. छान लागते, उन्हाळ्यात मलाही चालते. पण ती झटपट लोणचं आहे आणि ही बरणीतलं.

मुरवण्यात धोका असतो, कारण पणाला वेळ लागलेला असतो. शहराच्या दक्षिणेला बेर्सेल गावात ड्री फोंटेनन म्हणून दुसरं नावाजलेलं घराणं आहे. २००९मध्ये तिथल्या उबदार खोलीचा थर्मोस्टॅट बिघडला, तापमान भलतंच चढलं आणि बाटल्या फुटू लागल्या. हजारो बाटल्यांतली बिअर वाया गेली, म्हणजे कित्येक वर्षांची मेहनत. मालक आर्मांड डेबेल्डर यांनी वाचलेल्या बिअरचं ऊर्ध्वपातन करून मद्य बनवलं, ते विकलं आणि धंदा पुन्हा उभा केला. २०२२मध्ये ते गेले, पण त्यांची ग्यूझ आजही बनते.

थर्मोस्टॅट दुरुस्त होतो. हवेचं काय करणार? त्या तांब्याच्या ताटाला थंड रात्री लागतात. रात्र उबदार असली की नको ते जंतू आधी घुसतात. म्हणून कान्तियोंमध्ये बिअर फक्त ऑक्टोबरअखेर ते एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत बनते. नोव्हेंबर २०१५मध्ये रात्री इतक्या उबदार होत्या की त्यांना काम थांबवावं लागलं. मालक झाँ व्हॅन रॉय यांनी तेव्हा सांगितलं होतं की त्यांच्या आजोबांना याहून बराच लांब मोसम मिळायचा. एसी लावून रात्र थंड करता येईल, पण मग त्या वाऱ्याचं काय, जो विरजण घेऊन येतो?

बाहेर पडताना मैत्रिणीला विचारलं, तुला ही आवडायला कधी लागली? ती थोडा वेळ गप्प चालत राहिली.

"पहिल्या हिवाळ्यात ऑफिसचे लोक घेऊन आले होते. अर्धा ग्लास टाकला मी. तेव्हा मला इथलं काहीच आवडत नव्हतं गं. चार वाजता अंधार, घरी फोन केला की रडू. परत जायचं तिकीटही काढलं होतं." मग म्हणाली, "दुसऱ्या हिवाळ्यात एकटीच आले. ग्लास संपवला."

ते तिकीट तिने कधी रद्द केलं, हे मी विचारलं नाही.

निघताना तिने एक ग्यूझ माझ्या बॅगेत कोंबली, स्वेटरमध्ये गुंडाळून. आडवी ठेव, गार ठेव, आणि मी सुट्टीवर आले की उघडू, अशी तंबी देऊन. चांगली ग्यूझ कितीतरी वर्षं टिकते, तेव्हा घाई नाही. प्रॉब्लेम एकच आहे, पुण्यातला एप्रिल. सध्या ती बाटली आमच्या घरातल्या सगळ्यात गार कोपऱ्यात आहे, माळ्याखाली, आईच्या लोणच्याच्या बरणीला खेटून. आई रोज विचारते, ही कधी संपणार? आणि ब्रसेल्सवरून दर रविवारी मेसेज येतो : "उघडली नाहीस ना?"