मोहर्लीची वही

मराठीच्या प्राध्यापकाला विलायतेतील सरोवरांचा प्रदेश आपल्या गल्लीइतका पाठ असतो. ग्रासमिअरचे डव्ह कॉटेज, जेथे वर्डस्वर्थ १७९९ ते १८०८ पर्यंत राहिला. अल्सवॉटरचा काठ, जेथे १५ एप्रिल १८०२ रोजी त्याने ती डॅफोडिलची फुले पाहिली, सारे तोंडपाठ! डॅफोडिल मात्र मी अद्याप डोळ्यांनी पाहिलेले नाही, आणि पगार पाहता तसा योगही दिसत नाही. तिकडे म्हणे लोक सकाळी निघतात, कवीचे घर पाहतात, तळ्याकाठी चहा घेतात आणि संध्याकाळी घरी परततात. अशी वाङ्मयीन सहल आपणही काढावी, असा प्रस्ताव मी मार्चअखेर घरात मांडला.

"आपल्याकडे कवीचं घर म्हणजे भाऊबंदांचा दावा," सौ. म्हणाली. पण कन्येला वाघ पाहायचा होता, त्यामुळे ठराव मंजूर झाला. मुक्काम ठरला ताडोब्याच्या वेशीवरचे मोहर्ली. रविवारी पहाटे आम्ही नागपूर सोडले.

पहिला थांबा वरोऱ्याचे आनंदवन. बाबा आमटे यांनी १९४९ साली महारोगी सेवा समिती स्थापन केली आणि या खडकाळ माळावर आनंदवन उभे राहिले. बाबांचे 'ज्वाला आणि फुले' मी वर्गात अनेकदा वाचून दाखवले आहे. सौ.ला मात्र साधनाताईंचे 'समिधा' अधिक प्रिय. "फुलं कोणी वेचली ते समिधात कळतं," ती म्हणाली. या वाक्यावर वाद घालण्यात अर्थ नव्हता. गाडीत आणखी एक स्त्री मतदार होतीच.

भद्रावतीची विजासन लेणी उन्हाच्या भीतीने धावतपळत पाहिली. त्यानंतर आतला रस्ता. पळस फुलून गेला होता, तरी त्याच्या काही फांद्यांवर अजून निखारे होते. मोहर्लीजवळ इरई धरणाचे पाणी दिसले. चंद्रपूरच्या औष्णिक वीजकेंद्राची तहान हे धरण भागवते. नागपुरातल्या माझ्या वाचनाच्या दिव्यात या पाण्याचा थोडा अंश असावा, असे उगाच वाटले. मोहर्ली हे नाव मोहरावरून आले की मोहावरून? व्युत्पत्तीचा मोह मी आवरला.

दुपारच्या फेरीला आमच्या जिप्सीत गाइड म्हणून आली ती मोहर्लीचीच एक पंचविशीची मुलगी. खाकी गणवेश, पायांत कापडी बूट, खिशात एक चुरगळलेली वही.

"ताई, वाघ दिसेल ना?" कन्येने विचारले.

"दिसन तं दिसन. झाडं तं दिसतीलच," ती शांतपणे म्हणाली.

आणि खरोखरच तिने आम्हांला झाडे दाखवली. मगरीच्या पाठीसारख्या सालीचा ऐन. उन्हात पांढराफटक उभा राहिलेला कांडोळ, ज्याला रात्री पाहून माणूस दचकावा. धावडा, तेंदू, बेहडा. मारुती चितमपल्ली यांनी मराठीला रानातले शब्द दिले. पक्षी एकत्र घरटी करतात त्या जागेला 'सारंगागार', कावळ्यांच्या वसतीला 'काकागार'. हे मी दरवर्षी शिकवतो. २०२५ च्या जूनमध्ये ते गेले, तेव्हा वर्गात त्यांच्यावर बोललोही होतो. पण ते शब्द अशाच कोणाच्या तोंडून त्यांच्या कानी पडले असतील, हे त्या जिप्सीत प्रथमच माझ्यापुढे उभे राहिले.

ताडोब्याकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेने जुने दगडी खांब उभे आहेत. गोंड राजांच्या काळी त्यांच्यातून दोर ओवून घंटा बांधीत आणि राजाच्या वाटचालीची वर्दी पुढे देत, असे सांगतात. पुढे तळे. काठावर तारूचे ठाणे. हा गोंडांचा पुढारी वाघाशी झुंजताना पडला आणि देव झाला, त्याच्यावरून ताडोबा. देव झालेला माणूस पुण्यामुंबईकडे ग्रंथांत सापडतो, येथे तो झाडाखाली बसतो.

वाघाचे सांगायचे तर पाऊलखुणा दिसल्या. कन्येने त्यांच्यावरही समाधान मानले.

परतताना एका मोहाखाली गाडी थांबली. खाली मेणासारखी पिवळसर फुले पडली होती. मोह पहाटे गळतो, म्हणून वेचणाऱ्या बाया अंधारातच निघतात, आणि वाघही त्याच वेळी हिंडत असतो. या जिल्ह्यात दरसाल कोणी ना कोणी मोह किंवा तेंदूपाने आणायला जाते आणि परत येत नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये याच ताडोब्यात, कोलारा भागात, एक महिला वनरक्षक पाहणी करताना वाघिणीच्या हल्ल्यात गेली.

"तुमची आई जाते का मोहाला?" सौ.ने विचारले.

उत्तर म्हणून तिने वही उघडून दिली. तारीख, वेळ, कुठे सांबर ओरडले, कुठे पहिला मोह गळला. एका पानावर एवढेच होते: "आज मोह पडून राहिला. रात्री वाघ गावाजवळून गेला. आई गेली नाही." पुढच्या पानावर: "आई गेली. दोन टोपल्या."

मला डोरोथी आठवली. अल्सवॉटरच्या काठी ती भावाबरोबर होती. ती फुले तिने आपल्या रोजनिशीत त्याच्याआधी टिपली. पुढे भावाची कविता झाली, आणि तिच्यात कवी एकटाच भटकताना दिसतो!

"ही पानं आमच्या कॉलेजच्या वार्षिकात छापू का?" मी विचारले.

"छापा ना सर. पन माझ्या नावानं. अन् माझं 'पन' सुधरवू नका."

सौ. माझ्याकडे पाहून हसली. फाटकाबाहेरच्या टपरीवर चहा होईपर्यंत त्या मुलीने तीन पाने स्वच्छ अक्षरात उतरवून दिली. खाली आपले नाव, आईचे नाव, मु. पो. मोहर्ली.

अंक जूनमध्ये निघाला. एक प्रत पाठवली, तर तिचा निरोप आला, अजून एक पाठवा. आईला वाचता येत नाही, पण तिला स्वतःची वेगळी प्रत हवी आहे.