वाढत्या अंगाचे

आमच्या घरात कपडा कधी निवृत्त होत नसे, त्याची फक्त बदली होत असे. वडिलांची पँट आधी थोरल्या बंधूंच्या शाखेत जाई. तिथे तीन वर्षे सेवा करून ती माझ्या शाखेत येई, आणि माझ्याकडून पिशवी, पायपुसणे, फडके अशा उतरत्या श्रेणीने शेवटी स्टोव्हच्या काकड्यापर्यंत पोहोचे. एवढी प्रदीर्घ आणि निष्कलंक सेवा आमच्या बँकेतही कुणाची झालेली नाही. नवा कपडा शिवायची वेळ आलीच, तर आई शिंप्याला एकच सूचना देई, "वाढत्या अंगाचा शिवा हो." त्या शर्टात मला शोधावे लागे. माझे अंग वाढून शर्टापर्यंत पोहोचेतो शर्ट विटलेला असे. म्हणजे शर्ट नवा आहे आणि तो मला बरोबर बसतोही आहे, असे एकही वर्ष माझ्या बालपणात आले नाही.

या प्रकाराला 'सस्टेनेबल फॅशन' म्हणतात, हे मला मारुंजीला राहायला आल्यावर कळले.

मारुंजी हे मुळशी तालुक्यातले गाव, हिंजवडीच्या आयटी पार्काला अगदी खेटून. बँकेने कर्मचाऱ्यांच्या सवलतीच्या दराने दिलेल्या कर्जात जिथे दोन खोल्या आणि एक गॅलरी बसली, तिथे आम्ही आलो. एका बाजूला आकाशात घुसलेले मनोरे, दुसऱ्या बाजूला म्हशींचा गोठा आणि मधून वाट काढणारी कंपन्यांच्या बसेसची रांग. इथे सर्व काही आहे. पाणी तेवढे टँकरने येते.

सोसायटीच्या सभेत मला खजिनदार करण्यात आले. 'बँकेत आहेत' एवढ्या एकाच पात्रतेवर माणसाला आयुष्यभर फुकट हिशेब लिहावे लागतात. गणपतीची वर्गणी झाली, टँकरचा हिशेब झाला आणि गेल्या हिवाळ्यात माझ्या वहीत एक नवे खाते उघडले, 'शाश्वत फॅशनसाठी हिप-हॉप संध्या, स्थानिक कलाकार, मदतनिधी'. सोसायटीतल्या आयटीवाल्या तरुण मंडळींची ही कल्पना. नोटीस लागल्यावर बी विंगमधल्या निवृत्त मुख्याध्यापकांनी मला लिफ्टमध्येच गाठले.

"हा शाश्वत कोण हो? सी विंगमधल्या त्या डॉक्टरांचा मुलगा ना? त्याच्या फॅशनसाठी आपण का वर्गणी द्यायची?"

शाश्वत म्हणजे टिकाऊ, हे मी त्यांना सांगितले. तीस वर्षे मराठी शिकवलेल्या माणसाला हे सांगावे लागले, यात दोष त्यांचा नाही. हल्ली निम्म्या सोसायटीतल्या मुलांची नावे अशीच असतात.

निधी खरोखर कुणासाठी होता, तर गेटसमोरच्या पत्र्याच्या टपरीत बसणाऱ्या मावशींसाठी. मावशी मारुंजी गावच्याच. फॉल-पिको, चेन बदलणे, उंची कमी करणे ही त्यांची कामे. जुन्या साड्यांच्या गोधड्या आणि पिशव्या शिवायच्या, गावातल्या आणखी चार बायकांना हाताशी घ्यायचे, असे त्यांच्या मनात होते. पण त्यांचे मशिन पायाचे आणि पाय साठीचे. एक मोटरचे मशिन आणि एक ओव्हरलॉक मिळाले तर काम होणार होते. अंदाजपत्रक करायला मी टपरीत गेलो. धंदा कसा आहे विचारले, तर मावशी दातांनी दोरा तोडत म्हणाल्या, "चेन बदलायचे चाळीस रुपये म्हटलं की म्हणत्यात, राहू द्या, नवीनच घेते. आता नवीन तरी बिनचेनची येती का?"

त्यांच्या मशिनवर एक निळा शर्ट होता. खिशावर पूर्वी काही भरतकाम असावे. दोरा उसवला होता, पण सुईची भोके तशीच राहिली होती. मावशी त्याची कॉलर उलटून लावत होत्या. कॉलर विरली की उसवायची, आतली बाजू बाहेर करून पुन्हा लावायची, की शर्टाला तीन वर्षांची मुदतवाढ. आमच्या बँकेत अशी सोय असती तर आमच्या मॅनेजरांनी कधीच करून घेतली असती. ही विद्या अजून कुणाला येत असेल, असे मला वाटले नव्हते.

"कुणाचा हो?"

"तुमच्या गेटवरल्या भाऊंचा. भोसरीला वर्कशॉपात होते एकोणीस वर्षं. ते बंद पडलं, शर्ट राह्यला. आता पोराला घालायचाय, तुमच्या त्या गाण्याला."

आमच्या गेटवरच्या वॉचमनला एक मुलगा आहे आणि तो गातो, हे मला तेव्हा कळले. भाऊंना मी रोज दोनदा नमस्कार करतो. त्यांच्या अंगावरचा एजन्सीचा गणवेश तिसऱ्याच कुणाच्या तरी मापाचा आहे, हेही तेव्हाच लक्षात आले.

पुढची सभा टी-शर्टांवरून गाजली. 'कपडे पुन्हा वापरा' असे छापलेले साठ नवेकोरे टी-शर्ट मागवायचे ठरले होते! मी फक्त एक हिशेब वाचून दाखवला. कापूस पिकवण्यापासून धरले तर एका सुती टी-शर्टामागे सुमारे २७०० लिटर पाणी लागते, असा अंदाज जगभर सांगितला जातो. साठ टी-शर्ट म्हणजे १ लाख ६२ हजार लिटर. आमचा टँकर दहा हजारांचा. म्हणजे पाणी वाचवा असे सांगण्यासाठी आम्ही सोळा टँकर अंगावर घालून हिंडणार होतो, आणि सतराव्यातलेही थोडे. जगातले प्रदूषण, समुद्र, ओझोन यांबद्दल मारुंजीकर कदाचित हलणार नाहीत, पण टँकर म्हटले की सभा एकदम गंभीर होते. टी-शर्टांचा ठराव मागे पडला. ज्याने त्याने आपला जुना सदरा आणावा आणि मावशींनी त्यावर एक रंगीत ठिगळ लावून द्यावे, असे ठरले.

मुख्याध्यापकांची हरकत मात्र कायम होती. "कपड्यांचा आणि या आरडाओरड्याचा संबंध काय?"

उत्तर माझ्या कन्येने दिले. ती कॉलेजात आहे, त्यामुळे तिला सर्व माहीत असते. ११ ऑगस्ट १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात, १५२० सेजविक ॲव्हेन्यू या इमारतीच्या हॉलमध्ये सिंडी कॅम्पबेल नावाच्या मुलीने एक पार्टी ठेवली. शाळा सुरू होणार होती आणि तिला कपडे घ्यायचे होते. त्यासाठी पैसे जमवायला तिने तिकीट लावले, मुलींना २५ सेंट आणि मुलग्यांना ५० सेंट. गाणी लावायला अठरा वर्षांचा भाऊ क्लाइव्ह होता, ज्याला पुढे जग डीजे कूल हर्क म्हणू लागले. हिप-हॉपचा जन्म त्या रात्री झाला, असे मानतात. म्हणजे हिप-हॉपचा पहिलावहिला कार्यक्रमच मुळी कपड्यांसाठी मदतनिधी होता! आता सिंडीला हवे होते ते नवे कपडे, आणि तेही ब्राँक्समधले नव्हेत, मॅनहॅटनमधले. पण एवढी सूट मुलीच्या जातीला द्यायला हवी. मलाही एक कन्या आहे.

आणि त्या क्लाइव्हने केले काय? रेकॉर्डमध्ये गाणारा गप्प बसून नुसते ढोल वाजतात, तेवढ्या तुकड्याला लोक जास्त नाचतात हे त्याने हेरले होते. तुकडा तर काही सेकंदांचा. म्हणून त्याने तीच रेकॉर्ड दोन तबकड्यांवर लावली. एकीवरचा तुकडा संपला की दुसरीवरचा सुरू, तोवर पहिली मागे फिरवायची. जेम्स ब्राऊनच्या बोटभर तुकड्याचे त्याने असे हातभर कापड केले. यावर पुढे पोरांनी बोल म्हणायला सुरुवात केली, जुन्या गाण्यांचे तुकडे कापून नव्यात शिवायला सुरुवात केली, आणि त्यावर अब्जावधी डॉलरचा धंदा उभा राहिला. आमच्या आजीने हेच काम सुईदोऱ्याने केले. त्याला गोधडी म्हणत आणि तिला त्याचे कुणी पाच पैसे दिले नाहीत.

मुख्याध्यापक विरघळले ते मात्र या कशाने नव्हे. दोन गायक समोरासमोर उभे राहून एकमेकांवर कवने फेकतात, असे कन्येने सांगितल्याबरोबर ते म्हणाले, "अगं, मग हा आपला कलगी-तुरा! आधी नाही का सांगायचं?" आणि पन्नास रुपये काढून मोकळे झाले. तिकिटाचा दर आम्ही सिंडीचाच ठेवला होता, बायकांना पंचवीस आणि पुरुषांना पन्नास. महिला मंडळाने हा ठराव चर्चेविना मंजूर केला.

आपल्याकडेही हे पीक आता चांगलेच फोफावले आहे, हे मला या निमित्ताने कळले. मुंबईच्या स्वदेशी नावाच्या मंडळींनी २०१९ साली आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर यांना बरोबर घेऊन आरेच्या जंगलासाठी गाणे केले. २०२४ साली 'तांबडी चामडी'ने आमच्या गणपतीच्या मंडपातले एकही लग्नाळू पोर जागेवर बसू दिले नाही. पुण्याच्या ताडीवाला रोडवरचा एमसी स्टॅन २०२३ साली बिग बॉस जिंकून आला, तो ऐंशी हजारांच्या बुटांसाठीही गाजला. ते बूट वाढत्या पायाचे घेतले असतील, अशी मी आपली आशा करतो. अमरावतीचा एक सौरभ तर आपले नाव आधी शंभराचा आकडा आणि पुढे 'आरबीएच' असे लिहितो. सौ म्हणजे हिंदीतले शंभर. मला हे नाव प्रथम कुठल्यातरी शाखेच्या आयएफएससी कोडसारखे वाटले.

आमच्या कार्यक्रमाला असेच चार कोड आले. एक वाकडचा, एक चिखलीचा, एक चाकणच्या कारखान्यात कंत्राटावर असलेला आणि चौथा भाऊंचा मुलगा. चौघांचे कपडे पाहून मला भरून आले. प्रत्येकाच्या शर्टात आणखी एक माणूस राहू शकला असता. पँटी जमिनीवर लोळत होत्या. एवढ्या वाढत्या अंगाचे कपडे मी माझ्या लहानपणानंतर पाहिलेच नव्हते! चाकणच्या मुलाने सांगितले की त्याची पँट पुण्याच्या जुन्या बाजारातून दीडशेला आणली आहे. आमच्या सौ. माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आणि मी तुमचे तीन शर्ट बोहारणीला देऊन एक डबा घेतला तर तीन दिवस बोलत होतात." बोहारीण आता आमच्या गेटातून येऊ शकत नाही, कारण तिला ॲपवरून परवानगी लागते. पण तो विषय वेगळा आहे.

पहिले तीन झाले. शब्द निम्मे कळले, पण कवायत उत्तम होती. मग भाऊंचा मुलगा निळा शर्ट घालून उभा राहिला. त्याने ओरडायला नव्हे, सांगायला सुरुवात केली. हा शर्ट पहाटे पाचला कसा उठे, कंपनीच्या बसमध्ये कसा झोपे, दिवाळीला मिठाईचा पुडा घेऊन कसा येई. आणि एका सोमवारी घरातून निघाला तो दुपारच्या आतच कसा परत आला. 'बाप' हा शब्द त्याने एकदाही उच्चारला नाही. सगळे शर्टाबद्दलच चालले होते. खुर्च्या करकरायच्या थांबल्या.

आणि नेमका तेव्हा टँकर आला.

टँकर माघारी येताना वाजतो ते संगीत मारुंजीत कुणाला सांगायला नको. त्यावर गेटाकडून भाऊंचा खणखणीत आवाज आला, "येऊ द्या... येऊ द्या... येऊ द्या..." ड्यूटीवर असल्यामुळे ते कार्यक्रमाला येऊ शकले नव्हते, आणि आपल्या शर्टाची कहाणी चालली आहे याचा त्यांना पत्ता नव्हता. आता पोराचे वाटोळे झाले, असे म्हणून मी डोळे मिटले. पण पोरगा थांबला नाही. टँकरच्या टुंग-टुंगवर त्याने आपला ठेका बसवला, हात गेटाकडे केला आणि दर ओळीनंतर वडिलांच्या आरोळीसाठी जागा सोडू लागला. शर्टाची एक ओळ, "येऊ द्या!" पुढची ओळ, "येऊ द्या!" तिसऱ्या वेळी पोरेटोरे ओरडली, पाचव्या वेळी महिला मंडळ, आणि मग मुख्याध्यापक सगळ्यांत मोठ्याने. टँकर जागेवर लागला. गेटातून आवाज आला, "बास!" आणि गाणे तिथेच संपले.

टाळ्या थांबेनात, तेव्हा भाऊ काय झाले ते बघायला कोपऱ्यावर आले. टँकरचा नंबर वहीत लिहायचा होता, म्हणून लगेच परत गेले.

रात्री मी हिशेबाला बसलो. तिकिटांचे ७,१०० आणि देणग्या २१,५००, एकूण २८,६००. ध्वनिक्षेपक, खुर्च्या, चहा-वडापाव वजा जाता मोटरचे मशिन सहज निघत होते. ओव्हरलॉक जुने घ्यायचे ठरले, ते कार्यक्रमाच्या तत्त्वातही बसत होते. पोरांनी मानधन घेतले नाही. रिक्षाभाड्याचे सहाशे रुपये तेवढे घ्या म्हटले, कारण चाकणच्या मुलाला रात्रपाळी गाठायची होती. पैसे भाऊंच्या मुलाने घेतले. मी व्हाउचर पुढे केले. त्याने झोकात आपले चार अक्षरांचे कोडनाम लिहिले.

"हे चालायचं नाही," मी म्हणालो. "ऑडिटर विचारतो. पूर्ण नाव लिही."

त्याने कोड खोडला. वर आपले नाव लिहिले आणि थांबला.

"काका, मधलं नाव पूर्ण लिहू, का नुसतं पहिलं अक्षर?"

"पूर्ण लिही."

त्याने शर्टाची लांब बाही मागे सारली आणि सावकाश लिहिले. जागा पुरली नाही, तेव्हा आडनाव खालच्या ओळीत गेले.